दाजींच्या नावाने

"हे गृहस्थ झोपतात तरी कधी?" इंजिनिअर बाईंनी पडद्याच्या कोपऱ्यातील नावावर बोट ठेवून विचारले. "सकाळची पाळी यांची, दुपारची यांची, रात्रीचीही यांचीच!"

ऑपरेटर हसला नाही.

"ते माझे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान. जाऊन दोन वर्षं झाली."

बाईंचे बोट हळूच मागे आले.

बॉयलरच्या नियंत्रणकक्षातील जुनी प्रणाली त्या दिवशी निरोप घेत होती आणि बाई सकाळपासून नवी बसवीत होत्या. नव्या प्रणालीत प्रत्येकाने स्वतःच्याच नावाने प्रवेश करावयाचा होता. धोक्याचा भोंगा वाजला, तर कारण लिहिल्यावाचून तो थांबणार नव्हता. शेजारच्या पडद्यावर एकेका भोंग्याची चाचणी आपोआप चालू होती. एक वाजे, ऑपरेटर दोन बोटांनी 'चाचणी' असे कारण टंकित करी, आणि मग तो शांत होई.

"मग काल सकाळी यांच्या नावाने कोण बसलं होतं?"

"मी. आम्ही सगळेच बसतो. नाव बदलायला गेलं की हा जुना पडदा पाच मिनिटं काळा व्हायचा. बॉयलर पेटलेला असताना पाच मिनिटं आंधळं कोण बसणार? दाजी म्हणायचे, बसा रे माझ्याच नावाने, नाव काय झिजतंय थोडंच!"

"पासवर्ड?"

"ताईचं माहेरचं नाव. पुढे एक दोन तीन."

"आणि साहेब लोकांना हे ठाऊक होतं?"

"त्यांच्या कागदावर प्रत्येकाचं वेगळं नाव आहे, बाई."

दाजी गेले, तरी रीत गेली नव्हती. दोन वर्षे प्रत्येक पाळीच्या आरंभी तो बहिणीचे नाव एकेक अक्षर करून लिहीत आला होता.

बाई जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणू लागल्या. ज्या नावाचा धनी उरला नव्हता, त्या नोंदींपुढे तांबडी चौकट उमटत होती : 'ही नोंद कोणाची?' चौकटींची रांग वर वर सरकत गेली आणि एका ओळीवर त्यांचा हात थबकला. वाफेचा दाब वाढला. भोंगा बंद केला. त्यापुढे दाजींचे नाव.

"ही नोंद अपघाताच्या चौकशीच्या अहवालात वाचली आहे मी, नाव नव्हतं तिथे. भोंगा स्वतःच बंद करून ते खाली व्हॉल्व्ह बघायला उतरले, असं लिहिलंय." त्या ऑपरेटरकडे वळल्या. "पण तुम्ही तर आत्ता म्हणालात, सगळेच यांच्या नावाने..."

ऑपरेटर खिडकीच्या काचेपलीकडे, खाली उतरणाऱ्या लोखंडी जिन्याकडे पाहत होता.

तो दाबमापक कित्येक महिने खोटे बोलत होता. लांडगा आला रे आला, दिवसातून तीसदा. माशी वारावी तसा ऑपरेटरचा हात बटणाकडे जाई, मनाला विचारीतसुद्धा नसे. त्या दिवशीही तसाच गेला; पण त्या दिवशी दाब खरोखरच चढला होता. दाजी खाली निर्धास्त होते. दाब चढलाच, तर भोंगा सांगेल, हा त्यांचा भरवसा होता. भोंगा जेमतेम एक ठोका वाजला. चौकशीत ऑपरेटरने एकच वाक्य सांगितले होते : मी चहाला गेलो होतो.

ताईने त्या अहवालावर विश्वास ठेवला. ती रडली कमी आणि रुसली अधिक. "स्वतःच्या हाताने भोंगा बंद करून गेला माणूस. घरी कुणी वाट बघतंय, हे एकदाही मनात आलं नाही?" असे ती प्रत्येक भेटीत म्हणे, आणि तो मान खाली घालून ऐके.

"हे नाव काढून टाकू का?" बाईंनी हलक्या आवाजात विचारले. "नोंदी निनावी राहतील. कुणालाच त्रास नाही."

"थांबा जरा," असे म्हणून त्याने फोन काढला.

"काय रे, आज भर दुपारी?" पलीकडून ताई म्हणाली. "जेवलास का?"

"जेवलो. ताई, ऐक ना..."

नेमकी त्याच वेळी शेजारच्या पडद्यावर दाबाच्या भोंग्याची पाळी आली. कक्ष त्या आवाजाने भरून गेला.

"अरे, काय केकाटतंय ते?"

"भोंगा. दाबाचा."

"मग बंद कर ना! काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये."

बाईंचा हात पुढे आला. त्याने मान हलवून त्यांना थांबविले आणि फोन तोंडाजवळ धरून आवाज चढविला.

"त्या दिवशी मीच बंद केला होता, ताई. दाजींनी नाही. ते आधीच खाली होते."

भोंगा वाजत होता. पडद्यावर 'कारण लिहा' ही अक्षरे उमटली होती आणि त्यापुढे एक बारीक उभी रेघ लुकलुकत होती.

ताईने विचारले, "खालून वर यायला किती वेळ लागतो?"

"दीड मिनिट."

"तो बंद करू नकोस. वाजू दे."

त्याने भिंतीवरील घड्याळाकडे पाहिले. सेकंदकाट्याचा एक फेरा झाला, मग आणखी अर्धा. जिन्यावर कोणी नव्हते. फोन मात्र दोघांपैकी कोणीही ठेवला नाही.