घरी थांबायला हवं होतं

बायको देविका वर्गात कोसळली तेव्हा नरेंद्र अमौसीला विमानतळावर होता. त्याच्या संशोधन संस्थेत पुण्याहून पाहुणे यायचे होते. फोन नयनाचा आला. नयना देविकाच्याच विभागात शिकवायची. "भाऊजी, तुम्ही सरळ हॉस्पिटललाच या," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलेना. त्यावरून त्याला कळलं. आलमबागला टॅक्सी ट्रॅफिकमध्ये अडकली, पण त्याने ड्रायव्हरला घाई करायला सांगितलं नाही.

देविकाचं हृदय कमजोर होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. परीक्षा जवळ आल्या म्हणून ती वर्गावर जात राहिली.

कॉलेजने याचाच गौरव करायचं ठरवलं. नव्या सभागृहाला तिचं नाव, आणि खाली एक ओळ: 'अंतिम दिन तक कक्षा में', शेवटच्या दिवसापर्यंत वर्गात.

मग 'खुला पन्ना' आला. हे विद्यार्थ्यांचं चार पानी वर्तमानपत्र. देविका त्याची सल्लागार होती. शनिवारी सकाळी ते कॅम्पसवरच्या सगळ्या क्वार्टर्समध्ये दाराखालून सरकवलं जाई. पहिल्याच पानावर बिननावाचा लेख होता. आजारी बाईने वर्गात येणं हा पराक्रम नाही, चूक आहे, असं त्यात म्हटलं होतं. मॅडमनी घरी थांबायला हवं होतं. कॉलेजने त्यांना परत पाठवायला हवं होतं. कोणीच पाठवलं नाही, आणि आता टाळ्या वाजवतायत.

कॅम्पस पेटलं. गेलेल्या बाईचा अपमान, असं सगळे म्हणू लागले. कॅन्टीनसमोर मुलांनी अंक जाळले. सल्लागार नाही, मग वर्तमानपत्र तरी कशाला, असंही कोणी म्हणालं.

डीन डॉ. रस्तोगी स्वतः नरेंद्रकडे, देविकाला कॉलेजने दिलेल्या क्वार्टरवर आले.

"नरेंद्रजी, आप बस दो लाइन की शिकायत दे दीजिए. बाकी हम देख लेंगे."

"सोचकर बताता हूँ."

"और क्वार्टर की चिंता मत कीजिए. जब तक चाहें, रहिए. भाभीजी का घर है."

संपादक होती अनुष्का. शेवटच्या वर्षाला, आलमबागच्या मराठी घरातली. कॉलेजने नेमलेल्या चौकशी समितीने तिला सांगितलं होतं, लिहिणाऱ्याचं नाव दे, नाहीतर वर्षभर कॉलेजबाहेर राहा. लागलेली नोकरीही मग गेलीच.

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी ती नरेंद्रकडे आली. त्याने चहा केला.

"कसा झालाय?"

"मॅडम के हाथ जैसा नहीं है."

"तिलाही येत नव्हता. नयनाला विचार. ती आमच्याकडे यायची ते स्वतःच्या घरून पिऊन."

अनुष्का हसली. मग कप खाली ठेवला.

"कल आप आएँगे?"

"बोलावलंय. यावं लागेल."

"मैं नाम नहीं बताऊँगी, अंकल."

"वर्ष जाईल तुझं."

"हाँ. मम्मी रडतेय. पापा बात ही नहीं कर रहे."

"मग सांगून टाक. कोणी तुला दोष देणार नाही."

"मॅडमचा नियम आहे ना."

नियम त्यालाही ठाऊक होता. बिननावाचं लिहायचं असेल तर लिहिणाऱ्याने संपादकासमोर बसून लेख मोठ्याने वाचून दाखवायचा. जे स्वतःच्या तोंडून निघत नाही ते छापायचं नाही. एकदा वाचलं, की नाव संपादकापाशी राहायचं. कॅम्पसवरचं कोणीही लिहू शके. एकदा मेसच्या आचाऱ्यानेही लिहिलं होतं.

"नाम वही बता सकता है जिसने लिखा," अनुष्का म्हणाली. "मी नाही."

"लेख छापल्याचा पश्चात्ताप होतोय?"

"नाही. एकच वाक्य खटकलं होतं. घर पर रुकना चाहिए था, ते. मैंने कहा, काट दें? लेकिन पढ़ते-पढ़ते वहीं आवाज़ बैठ गई थी. मग मी म्हटलं, राहू दे."

नरेंद्रने खिडकीबाहेर बघितलं.

"जेवून जा," तो म्हणाला.

"नहीं अंकल. मम्मी वाट बघतेय. आप... कल देख लीजिएगा."

समिती डीनच्या खोलीत बसली. नयना बोलताना रडली.

"ज्याने हे लिहिलं तो देविकाला ओळखतच नव्हता," ती नरेंद्रकडे वळून मराठीत म्हणाली. मग रस्तोगींकडे बघत हिंदीत, "वो पढ़ाए बिना रह ही नहीं सकती थी. उसे घर में बिठाना सज़ा होती."

रस्तोगींनी अनुष्काला शेवटचं विचारलं. ती म्हणाली, "सर, नहीं बता सकती."

"किसको बचा रही हो? वो तुम्हारे लिए आया क्या?"

अनुष्का टेबलाकडे बघत राहिली.

"नरेंद्रजी, आप कुछ कहेंगे?"

नरेंद्र उठला. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"मुझे कोई शिकायत नहीं करनी," तो म्हणाला. "लड़की को छोड़ दीजिए."

"ये आपका बड़प्पन है," रस्तोगी म्हणाले. "लेकिन अनुशासन भी कोई चीज़ है."

निकाल लगेच झाला. अनुष्का वर्षभर बाहेर. 'खुला पन्ना' बंद. नयनाने नरेंद्रचा हात धरला आणि म्हणाली, तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर एवढं मोठं मन दाखवलं नसतं. बाकीच्यांनीही येऊन हात मिळवले.

अनुष्का बाहेर जिन्यापाशी थांबली होती. नरेंद्र आला तशी तिने मान वर केली. तिने थोडा वेळ वाट पाहिली, पाठीवर बॅग टाकली आणि जिना उतरून गेली.

मागे डीनच्या खोलीचं दार उघडंच होतं. तो लेख आपण लिहिला, एवढंच आत जाऊन सांगायचं होतं. नरेंद्रने ते अजून सांगितलेलं नाही.