मिटवलेला पत्ता

"दहा दिवसांची मुदत एका दिवसावर आण," रोडेल सर म्हणाले. "डिस्क भरत आलीय आणि उद्या सेल आहे."

अ‍ॅनालिनचा हात कीबोर्डवरच थांबला. मनिलातल्या या घरपोच जेवणाच्या कंपनीत कुणी काही मिटवलं की 'हे मिटवलंय' एवढी खूण दहा दिवस मागे राहायची. चारही शहरांतल्या सर्व्हरना ती कळेपर्यंत टिकायला हवी. दावाओचा सर्व्हर पुरापासून बंद होता. त्या बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता.

"सर, खुणा गेल्या आणि दावाओ तसाच चालू झाला, तर त्याच्याकडच्या जुन्या नोंदी सगळीकडे परत जातील."

"मेलेलं माणूस मागोमाग घरी येतं, तसं?" सर हसले. "मयताहून येताना भूत मागं लागू नये म्हणून आपण वाटेत कॉफीला थांबतो. दावाओलाही पाजायची का?"

"हो सर. आधी तो पूर्ण कोरा करायचा, मगच आत घ्यायचा."

"सांगतो मी त्यांना. तू दाब गं बाई ते बटण."

सरांचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नव्हता. तिनं बटण दाबलं. पण पुरानंतर मिटवलेल्या नोंदींत तिच्या धाकट्या बहिणीचा पत्ता होता. रोवेना नवऱ्याचा मार खाऊन पळाली होती. नव्या खोलीत तिनं चुकून दोघांच्या जुन्या खात्यावरून जेवण मागवलं. त्याच्या नजरेला पडायच्या आत अ‍ॅनालिननं तो पत्ता काढून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सेलच्या धांदलीत तिनं ग्रुप उघडला तो थेट जेवताना. दावाओच्या जुनजुनचा सकाळचा निरोप होता: 'वीज आली! सर्व्हर चालू केला. सगळं जसंच्या तसं आहे सर, काहीसुद्धा गेलं नाही!' खाली सरांचा अंगठा.

"सर, कोरा करायला सांगितलंत ना?"

सरांचा चमचा हवेतच राहिला. "राहिलंच की गं..."

तिनं जुनं खातं उघडलं. पत्ता परत आला होता. त्याच्यापुढे आजचीच एक ऑर्डर होती. तिनं रोवेनाला फोन लावला.

"ताई, मी करणारच होते तुला!" रोवेना खुशीत होती. "पान्सित नूडल्स तूच पाठवलेस ना? तो डिलिव्हरीवाला दारातच विचारत होता, रोवेना इथंच राहते का म्हणून. मी म्हटलं, हो, इथंच."