कुंभाराचा कान

"सायेब, पुलावर गाड्या घालू नका. बद्द वाजतोय," बोटानं खांब ठोकून फौजेतला आमचा शिरपती म्हणाला. लढाई ऐन भरात होती आणि मागे जवानांनी भरलेले वीस ट्रक खोळंबले होते.

"अरे कुंभारा, हा काय माठ आहे?"

"माठ असता तर गिऱ्हाइकाला दिला नसता, सायेब."

पोर माझ्या वहिनीचं. पाळण्यातला खुळखुळासुद्धा टिचकीनं वाजवून मगच हातात घ्यायचं. वहिनी भट्टीतला माठ वाजवायची आणि ह्यानं दहा पावलांवर पाठ करून तडा ओळखला, तरच भाकरी. तो उपाशी राहिल्याचं मला तरी आठवत नाही.

साहेबांनी वैतागून एक ट्रक रिकामा करून पुलावर ढकलायला लावला. पूल ट्रकसकट नदीत गेला. खोटं वाटेल, पण त्या ट्रकात आता मासे बिऱ्हाड करून राहतात.

पुढे साहेब स्वतः पदक घेऊन गावात आले. वहिनीनं ते बोटानं वाजवलं, कानाशी धरलं.

"जरा बद्दच वाजतंय, सायेब," ती म्हणाली. "पर ऱ्हाऊ द्या. पोरगं खणखणीत हाय माजं."