फाटकावरचा लाल टॉवेल

"इथं आपल्याला काळं कुत्रं विचारत नाही," असं ती नवऱ्याला रोज ऐकवायची. बदलीमुळे डोंगराखालच्या गावात आल्यापासून शेजारी दिसायचे ते पाठीवर सॅक टाकून वर निघालेलेच. परत जायचंच आहे म्हणून तिनं कपांच्या खोक्याची सुतळीही सोडली नव्हती. त्या दिवशी दोरीवर जागा उरली नाही, तेव्हा तिनं लाल टॉवेल फाटकावर वाळत घातला आणि विसरली. तिन्हीसांजेला दार वाजलं. अंगणात अख्खी गल्ली दोरखंड, बॅटऱ्या घेऊन उभी होती. "कोण अडकलंय वर, पोरी?" शेजारच्या आजोबांनी धापा टाकत विचारलं. डोंगरावर जाणारा फाटकाला लाल फडकं बांधतो आणि उतरल्यावर सोडतो, हे तिला आत्ता कळलं. "अहो, टॉवेल आहे तो!" ती ओशाळली. सगळे पोट धरून हसले. "थांबा, चहा टाकते." खोक्याची गाठ सुटेना. तिनं सुतळी कापली.