अखंड रेषा

धुक्यात स्वतःचे बूटही दिसेनासे झाले, तेव्हा मी नकाशावर विसंबून चालत राहिले. डोंगराची ही बर्फाळ धार सलग पुढे जाते, असं नकाशा सांगत होता आणि आमचा तंबू तिच्या दुसऱ्या टोकाला होता. माझ्यामागे, माझ्याच दोराला बांधलेला डेस्मंड होता. बत्तीस वर्षं क्राइस्टचर्चच्या ऑफिसात बसून अंटार्क्टिकाचे नकाशे काढणारा हा माणूस निवृत्तीच्या तोंडावर पहिल्यांदाच इथे आला होता.

अचानक दोर ताणला गेला. मागे वळून पाहिलं, तर तो गिर्यारोहणाची कुऱ्हाड बर्फात रोवून खाली बसला होता.

"ऊठ म्हातारबा. वारा वाढला तर इथेच गोठून जाऊ."

"पुढे जाऊ नकोस, पोरी."

"अरे, नकाशात धार अखंड रेषेने दाखवलीय. खात्री नसेल तिथे तुटक रेषा काढायची, हे तूच शिकवलंस ना मला?"

"आधी काठी टेकवून बघ."

त्याचं समाधान व्हावं म्हणून मी एका पावलापुढे काठी टेकवली. वरचा भुसभुशीत बर्फ ढासळला आणि काठी हातातून सुटून खाली गेली. ती पडल्याचा आवाज आलाच नाही.

मी रांगत त्याच्यापाशी आले. "जीव वाचवलास माझा. पण तुला कळलं कसं?"

त्याने दोर सोडला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

"विमानातून काढलेल्या फोटोत इथे ढग होता. नकाशा शुक्रवारी छापायला द्यायचा होता, म्हणून मी रेषा जोडून टाकली."