नजर लागू नये म्हणून

"मॅडम, हे पंधरा वर्षांच्या पोरीले भेटते का?"

प्रणालीने विचारून टाकलं. कबड्डीच्या टीममधल्या उज्माने अन् गीतांजलीने तिला डिवचलं होतं, "दम असन तं विचारून दाखव." अन् दमाचं नाव काढलेलं प्रणालीला खपत नसे.

रागिणी मॅडम हसल्या. "सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात हे खेळातले उपचार. का गं?"

"असंच. पैज होती." प्रणालीही हसली, जरा जास्तच मोठ्याने.

अमरावतीच्या त्या दवाखान्यातली ही खोली अंधारी. समोर काच. पलीकडे उजेडात आई अन् चार वर्षांचा शिवम सतरंजीवर बसलेले. त्यांना तिकडून फक्त आरसा दिसायचा. इकडे मॅडम, बाबा अन् प्रणाली. शिवम बालवाडीत पोरांना चावायचा, घरी हाताला लागेल ते फेकायचा, म्हणून दर शनिवारी परतवाड्याहून एसटी धरायची. गाडीत त्याला मांडीवर आवरून धरायचं काम प्रणालीचं. इथे मात्र खेळायचं आईनेच. मॅडम माइकमध्ये बोलायच्या, ते आईच्या कानातल्या यंत्रात ऐकू जायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, हुकूम सोडायचे नाहीत. पोरगं जे चांगलं करेल, ते बोलून दाखवायचं.

शिवम ठोकळ्यावर ठोकळा चढवत होता. आई नुसती पाहत होती.

"ताई, त्याचं कौतुक करा. मोठ्याने."

आईने पदर सारखा केला. "तोंडावर कसं करू, मॅडम? मायचीच नजर पयले लागते लेकराले."

बाबांनी कपाळाला हात लावला. प्रणालीला मात्र बरं वाटलं. हेच तर ती सगळ्यांना सांगत आली होती. नववीत ती वर्गात पहिली आली, तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "बरं. गॅस बंद कर." टीममध्ये नाव लागलं, तेव्हा म्हणाली, "पाय मोडून घेशील, पोट्टे." उज्मा विचारायची, "तेरी अम्मी पत्थर है क्या?" प्रणाली म्हणायची, "नाही वं, नजर लागू नये म्हणून. सारं पोटात ठेवते ते."

"नजर लागली तर माझ्यावर ढकला," मॅडम माइकमध्ये म्हणाल्या. "पण त्याला ऐकू द्या."

तेवढ्यात मनोरा डगमगला अन् कोसळला. शिवमने ठोकळा उचलून हात उगारला. शिवमने आईकडे पाहिलं, अन् ठोकळा हळूच खाली ठेवला.

"शाबास माह्या वाघा!" आईचा आवाज फाटला. "पडलं तरी फेकलं नाही! किती गुणाचं हाय माहं लेकरू!"

अन् लगेच बाजूला थू थू करून, त्याच्या तोंडावरून हात फिरवून तिने आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. शिवमला तो खेळच वाटला. त्यानेही आपली इवली बोटं आईच्या कानशिलांवर दाबली अन् खिदळत तिच्या गळ्यात पडला.

त्यांचं हसू स्पीकरमधून अंधाऱ्या खोलीत आलं.

"पाह्यलं का, प्रणाली?" बाबा डोळे पुसत होते. "पाह्यलं?"

पाहिलं होतं. म्हणजे आईला तोंडावर कौतुक करता येत होतं. आपलंही करून वर बोटं मोडली असती, की झालं असतं.

आई उठून काचेजवळ आली. अगदी प्रणालीच्या तोंडासमोर उभी राहिली, थेट तिच्याकडे बघत. अन् आरशात पाहून विस्कटलेले केस सारखे केले.

संध्याकाळच्या गाडीत शिवम आपणहून आईच्या मांडीवर चढला अन् झोपला. प्रणाली समोरच्या बाकावर, मांडीवर नुसती पिशवी घेऊन. अजून गाडी स्टँडातून निघालीही नव्हती, तोच ती बोलली.

"पुढच्या शनिवारी मी येत नाही."

"मंग याले गाडीत कोण धरीन?" बाबा म्हणाले.

"आईनं धरलाच हाय. अकोल्याले सामना हाय माहा. मी खेळून राहिली." तिने आईकडे पाहिलं. "तुमी एक शनिवार खाडा करा अन् तिथं या. आई, मॅडम नसन तिथं. काय म्हणायचं, ते तुह्या मनानंच म्हण."