लाइनचा दोष

बाबा गेल्यावर आमचे टिपणीस साहेब बोरीवलीला घरी भेटायला आले. सांत्वनाचे दोन शब्द बोलले आणि मग आपल्या लाडक्या विषयावर घसरले. फोर्टचं हेड ऑफिस आणि आमचं अंधेरीचं ऑफिस जोडणारी खास डिजिटल लाइन त्यांनीच बसवून घेतली होती.

"दोन प्रकार होते," ते मामाला समजावू लागले. "एका लाइनचे भाग पाडायचे, काहींवर फोन, काहींवर कॉम्प्युटर. दुसरी सबंध कॉम्प्युटरची. मी दुसरी घेतली. बोलण्यात फुकट वेळ जातो हो."

"म्हणजे यंत्रं बोलणार आणि माणसं मुकी!" मामा भडकला. "अंधेरीचा फोन लागेना, म्हणून हॉस्पिटलातून मी फोर्टला फोन लावला, तर तिथली बाई म्हणते, अंधेरीला आवाज जात नाही, निरोप टाइप करून पाठवते. वाट लागली ना त्यात! पोरगी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भावोजी शेवटपर्यंत दाराकडे बघत होते."

साहेबांना ते फार लागलं.

"लाइनला नावं ठेवू नका हं. निरोप क्षणात आला, एक अक्षर चुकलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधीच मी स्वतः वाचला."

मामा माझ्याकडे बघायला लागला.

"साहेबांचं बरोबर आहे, मामा," मी म्हटलं. "लाइनचा काही दोष नाही. महिनाअखेरचे आकडे माझ्याकडून पाठवून झाल्यावर, ऑफिस सुटताना, साहेबांनी तो मला दिला."